दहा श्वास, एक मणी

आजारी बाळ आईच्या मांडीवर आहे. शेजारी गावातली दाई बसली आहे. तिच्या हातात एक छोटं साधन आहे: मण्यांच्या दोन ओळी आणि बरोबर एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. दाईला लिहिता-वाचता येत नाही. आकडेही फार पुढचे येत नाहीत, पण दहापर्यंत मोजता येतं. ती घटिका उलटी करते आणि बाळाच्या पोटाकडे पाहू लागते. पोट वर आलं, खाली गेलं, एक श्वास झाला. दहा झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. ओळीतला शेवटचा मणी लाल आहे. वाळू संपायच्या आत तो लाल मणी सरकला, तर बाळाचा श्वास जलद चालला आहे, हा न्यूमोनिया असू शकतो, औषध सुरू करायचं. नाही सरकला, तर साधा सर्दी-खोकला समजायचा. मग औषध द्यायचं नाही. धाप वाढली तर पुन्हा बोलव, असं आईला सांगायचं.

गडचिरोली जिल्ह्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या कामाची गोष्ट बालमृत्यू कमी केल्याची गोष्ट म्हणून आपल्याकडे पुष्कळ सांगितली गेली आहे, आणि ती तशी आहेच. पण आज, अँटिबायोटिकला दाद न देणारे जीवाणू माणसांत, कोंबड्यांत, दुधात, नदी-नाल्यांत सापडत असताना, ती आणखी एका बाजूने वाचावीशी वाटते. औषध हातात असूनही ते कधी द्यायचं नाही, याचा नियम त्या दाईकडे होता. तो नियम त्या काळात मोठमोठ्या शहरांतल्या डिग्रीवाल्या दवाखान्यांतही सापडत नव्हता.

वैनगंगेच्या या बाजूला

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा जंगलपट्टा वेगळा काढून गडचिरोली जिल्हा झाला. चामोर्शी हा त्यातला एक तालुका. वैनगंगेच्या काठावरचं मार्कंडादेवाचं मंदिर याच तालुक्यातलं. तिथे नदी उत्तरेकडे वळते, म्हणून त्या जागेचं महत्त्व अधिक, आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. खाली चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. मध्ये धानाच्या बांध्या, मालगुजारांच्या काळापासूनचे मामा तलाव, आणि घोटच्या बाजूला जंगल. जिल्ह्याचं ठिकाण तीसेक किलोमीटरवर आहे. मोठ्या रुग्णालयाचं नागपूर त्याच्याही पलीकडे, दीडशेहून अधिक किलोमीटरवर. पावसाळ्यात नाले भरले की हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ उरत नाही.

अशा मुलखात लहान मुलाच्या छातीत कफ भरला तर काय व्हायचं? आई वाट बघायची. शेकायची, अंगारा लावायची, भगताकडे न्यायची. ज्याच्याकडे पैसे आहेत तो म्हणायचा, ‘पोराले सुई लावून आणू.’ सुई लावणारा भेटेलच असं नव्हतं, आणि भेटला तरी त्या सुईत काय आहे हे कोणी विचारत नव्हतं.

१९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू झालं. मुलं कशाने दगावतात हे मोजायला घेतल्यावर न्यूमोनियाचं नाव सगळ्यांत वर आलं. १९८८ साली त्यांनी एक प्रयोग सुरू केला. ५८ गावांत लोकांना न्यूमोनियाची लक्षणं समजावून सांगायची आणि उपचार गावातच करायचे. उपचार करणारे म्हणजे निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि दाया. तुलनेसाठी ४४ गावं ठेवली, जिथे नेहमीचीच व्यवस्था चालू होती. औषध एकच होतं: तोंडाने घ्यायचं कोट्रायमॉक्साझोल.

निकाल १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण ०.८ टक्के होतं, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं एकीकडे ८९ होती, दुसरीकडे १२१. एका मुलाचा जीव वाचवण्यामागे औषधाचा जो खर्च आला तो तीन डॉलरपेक्षाही कमी होता.

हे आकडे वाचताना कोणाच्याही मनात येईल की औषध स्वस्त होतं, लोकांपर्यंत पोचवलं आणि मुलं वाचली. ते खरंच आहे. पण त्या औषधात दम होता, हेही त्यातलं निम्मं कारण. तो दम कुठून आला होता, हे पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

गोळीच्या आत

कोट्रायमॉक्साझोल म्हणजे दोन औषधांची जोडी. त्यातलं एक सल्फा कुळातलं. या कुळाचा मूळपुरुष जर्मनीतल्या गेऱ्हार्ट डोमाक यांनी १९३५ साली जगासमोर मांडला. तो एक लाल रंग होता, कापड रंगवण्याच्या रंगांच्या जातीचा, आणि त्याने उंदरांमधला जीवघेणा संसर्ग बरा होत होता. डोमाक यांनी तो स्वतःच्या मुलीलाही दिला होता. सुई टोचून तिचा हात चिघळला होता. पेनिसिलिन लोकांच्या हाती येण्याआधी काही वर्षं सल्फानेच असंख्य जीव वाचवले.

सल्फाचं काम समजायला सोपं आहे. जीवाणूला वाढण्यासाठी फॉलिक आम्ल लागतं. आपल्यालाही लागतं, पण आपण ते पालेभाजी-डाळीतून घेतो. जीवाणू ते स्वतःच्या स्वयंपाकघरात शिजवतो. सल्फा त्या स्वयंपाकाची एक पायरी बंद पाडतं. पुढे ट्रायमेथोप्रिम हे औषध निघालं, ते त्याच स्वयंपाकाची पुढची पायरी बंद पाडतं. दोन्ही एकत्र दिली तर जीवाणूला एकाच वेळी दोन कुलपं लागतात. ही जोडी १९६०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. एक कुलूप उघडणारा जीवाणू भेटेल, दोन्ही एकदम उघडणारा क्वचितच, असा त्यामागचा हिशेब होता.

कुलूप उघडणारे जीवाणू असतात हे तेव्हा नवीन नव्हतं. पेनिसिलिन पहिल्यांदा रुग्णाला टोचलं गेलं १९४१ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४० साली, ऑक्सफर्डमध्ये अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिनचे तुकडे करणारं जीवाणूंचं एक विकर नोंदवून ठेवलं होतं. औषध दवाखान्यात यायच्या आधीच त्याचा तोड निसर्गात होता. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो आणि थोडंसंच घेतो. घशातले जंतू मरत नाहीत, पण पेनिसिलिनला तोंड कसं द्यायचं ते शिकतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि पेनिसिलिन देऊनही ती दगावते. फ्लेमिंग यांचा प्रश्न होता, या मृत्यूला जबाबदार कोण?

त्या वेळी भारतात पेनिसिलिन दुर्मीळ होतं, बाहेरून यायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९५५ पासून देशात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. ज्या राज्यात पिंपरीची ‘एच.ए.’ आहे त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या गावात, तीस वर्षांनंतरही न्यूमोनिया झालेल्या बाळापर्यंत अँटिबायोटिकचा एक डोस पोचत नव्हता. या काळात औषधाचं उत्पादन वाढलं, विक्री वाढली. ते ज्याला हवं त्याला मिळावं आणि ज्याला नको त्याला मिळू नये, अशी व्यवस्था मात्र कुणी उभी केली नाही.

धारावीतल्या ऐंशी चिठ्ठ्या

गडचिरोलीचा प्रयोग छापून आला त्याच सुमारास, १९९१ साली, मुंबईत डॉ. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी धारावीतल्या खाजगी डॉक्टरांना विचारलं होतं, क्षयाच्या रुग्णाला तुम्ही काय लिहून द्याल? शंभर डॉक्टरांनी मिळून ऐंशी वेगवेगळे उपचार लिहिले. क्षयावर काय द्यायचं, किती दिवस द्यायचं, हे तेव्हा नीट ठरलेलं होतं. तरी ऐंशी. वीस वर्षांनी, २०१० साली, डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच पाहणी पुन्हा केली. या वेळी १०६ डॉक्टर आणि ६३ प्रकारचे उपचार. अचूक चिठ्ठी लिहिणारे फक्त सहा.

त्यानंतर, २०११च्या अखेरीस, उदवाडिया यांनी मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयातल्या चार रुग्णांबद्दल एक पत्र प्रसिद्ध केलं. या रुग्णांच्या क्षयजंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. देशभर खळबळ उडाली आणि सरकारी यंत्रणेने त्या आजाराला दिलेल्या नावावर आक्षेप घेतला. त्याआधी २०१० साली आणखी एक वाद झाला होता. शेवटच्या फळीतल्या कार्बापेनेम औषधांनाही निकामी करणाऱ्या एका विकराला ‘नवी दिल्ली’चं नाव दिलं गेलं, म्हणून संसदेपर्यंत राग पोचला. नावावर भांडण झालं, पण ते जीवाणू मुंबईतल्या रुग्णांमध्येही होते, आणि पुढे दिल्लीच्या सांडपाण्यात आणि पिण्याच्या पाण्यातही ते जनुक सापडलं.

धारावी आणि गडचिरोली शेजारी ठेवून पाहिलं की एक समजूत डळमळते. अँटिबायोटिकचा गैरवापर अडाणीपणामुळे होतो, असं आपण सहज म्हणून जातो. धारावीतले डॉक्टर अडाणी नव्हते. त्यांच्यापुढे रांग होती, शेजारच्या गल्लीत दुसरा दवाखाना होता, रुग्णाला आजच्या आज बरं वाटायला हवं होतं, आणि आपण लिहिलेल्या चिठ्ठीचं पुढे काय झालं हे त्यांना कोणी विचारणार नव्हतं. गडचिरोलीतल्या दाईपुढे नियम एकच होता. औषध एकच होतं, नोंद ठेवली जात होती, आणि ती नोंद पाहायला माणूस येत होता. तिला गोळी विकून नफाही मिळत नव्हता.

सातपैकी दोन

न्यूमोनियानंतर गडचिरोलीत नवजात बाळांकडे लक्ष वळलं. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात रक्तात जंतू पसरून, म्हणजे सेप्सिस होऊन, कित्येक बाळं जायची. यावर नुसती गोळी पुरत नव्हती, जेंटामायसिनचं इंजेक्शन लागायचं. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत आरोग्यदूत बायांनी घरोघरी जाऊन बाळंतिणी आणि बाळं तपासली. या बाया त्याच गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या. आई-वडिलांची संमती घेऊन त्या जेंटामायसिन टोचायच्या आणि जोडीला तेच कोट्रायमॉक्साझोल द्यायच्या. तुलनेला ४७ गावं होती.

गावातल्या बाईच्या हातात सुई? हा प्रश्न साहजिक होता. त्याचं उत्तर आकड्यांनी दिलं. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण आधी १६.६ टक्के होतं, ते उपचारांनंतर २.८ टक्क्यांवर आलं. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशेबात ६२ टक्क्यांनी खाली आलेला होता. १९९९ साली हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि २०११ साली देशभरातल्या आशांसाठी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम सरकारने स्वीकारला.

इथेही पुन्हा नियम होता. पुढे नोंदींचा अभ्यास करून तो अगदी नेमका केला गेला. बाळाचं रडणं मंदावणं, दूध ओढणं कमी होणं, हातपाय लुळे पडणं, अंग थंड किंवा गरम लागणं अशा सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर सेप्सिस समजायचा. एकच असेल तर थांबायचं आणि लक्ष ठेवायचं. रक्त तपासणारी प्रयोगशाळा जवळ नसताना, भीतीपोटी प्रत्येक किरकिऱ्या बाळाला सुई टोचायची नाही आणि खरोखर आजारी बाळ सोडायचंही नाही, यासाठीची ही कसरत होती.

गोठ्यातून, पोल्ट्रीतून, आकाशातून

माणसांनी नियम पाळले तरी गोष्ट माणसांपाशी संपत नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन कुळातलं औषध जरासं मिसळलं तर कोंबड्या लवकर वजन धरतात. आजार नसताना, रोज, थोडं थोडं औषध. फ्लेमिंग यांच्या गोष्टीतल्या माणसासारखंच, फक्त लाखो कोंबड्यांच्या संख्येने. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जपानी शास्त्रज्ञांना आमांशाच्या जीवाणूंमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. प्रतिरोधाची जनुकं एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेही, जाऊ शकतात. कुलूप उघडण्याची चावी वारसाने मिळावी लागत नाही, शेजारी ती उसनी देतो.

१९७६ साली अमेरिकेतल्या स्टुअर्ट लेव्ही यांनी एका छोट्या कोंबडीपालकाच्या शेतावर हे प्रत्यक्ष पाहिलं. टेट्रासायक्लिन घातलेलं खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जीवाणू आठवड्याभरातच त्या औषधाला जुमानेनासे झाले. काही महिन्यांत शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटातही तसले जीवाणू वाढले होते, आणि त्यांतले काही तर खाद्यात नसलेल्या औषधांनाही दाद देत नव्हते. त्या कुटुंबाने ते औषध घेतलं नव्हतं.

आपल्याकडे हीच गोष्ट कोलिस्टिनच्या बाबतीत घडली. हे जुनं औषध मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून माणसांत मागे पडलं होतं. बाकीची औषधं हरायला लागली तेव्हा अतिदक्षता विभागात ते शेवटचा उपाय म्हणून परत आलं. पण दरम्यान ते कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी वापरलं जात होतं. २०१५ साली चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांत कोलिस्टिनला निकामी करणारं, एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारं जनुक सापडलं. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यपालनात आणि पशुखाद्यात कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली.

चामोर्शीसारख्या तालुक्यात या साखळीच्या सगळ्या कड्या एकाच शिवारात असतात. गायीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की तिच्या सडात अँटिबायोटिकची नळी सोडतात. त्यानंतर काही दिवस ते दूध वापरायचं नसतं. ज्याच्या घरी एकच दुभती गाय आहे त्याला ते फेकणं परवडत नाही. जनावराला दिलेल्या औषधाचा मोठा भाग शेणामुतातून बाहेर पडतो. शेणखत बांधीत जातं, पोल्ट्रीचं खत बांधीत जातं, पाऊस पडला की बांधीचं पाणी तलावात उतरतं. तलावात मासळी असते, तिथेच म्हशी बसतात, काठावर मुलं पोहतात. या वाटेने औषधाचे अंश जातात आणि औषधाला सरावलेले जीवाणूही जातात.

जनावराला दिलेलं औषध गोठ्यात थांबत नाही, याची एक साक्ष याच तालुक्यात आहे. कुनघाड्याच्या बाजूला वनविभागाने गिधाडांसाठी जागा राखून तिथे मेलेली जनावरं टाकायला सुरुवात केली, लोक त्याला गिधाडांचं उपाहारगृह म्हणू लागले. त्याची गरज का पडली? देशभरातली गिधाडं एकाएकी नाहीशी झाली होती, आणि २००४ साली कारण सापडलं. गुरांच्या दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरत होतं आणि ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. डायक्लोफेनॅक हे अँटिबायोटिक नव्हे, वेदनाशामक आहे. पण गोठ्यात टोचलेली सुई आकाशातल्या पक्ष्यापर्यंत पोचते, हे त्याने दाखवलं. गिधाडं निदान नाहीशी झालेली दिसली. मेलेलं जनावर उघड्यावर कुजायला लागलं, वास सुटला, लोकांनी विचारलं. प्रतिरोधी जीवाणूंचं उलटं आहे. त्यांची संख्या वाढते, आणि ते तेव्हाच कळतं जेव्हा एखाद्या आजारी माणसाला दिलेलं औषध चालत नाही.

झिजलेली गोळी

गडचिरोलीतल्या मुलांना वाचवणारं कोट्रायमॉक्साझोल आज न्यूमोनियाच्या पहिल्या फळीत नाही. न्यूमोनियाच्या जंतूंनी आपल्या विकरांची घडणच बदलली, दोन्ही कुलपं बसेनाशी झाली. २०१४ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिन पुढे केलं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत सरकारने ‘सांस’ हा कार्यक्रम सुरू केला, त्यातही आशाच्या हाती अमॉक्सिसिलिनच आहे. एका गोळीची जागा दुसरीने घेतली, असं म्हणता येईल. पण अशा बदल्या किती वेळा करता येतील? नव्या कुळातली अँटिबायोटिकं गेल्या काही दशकांत फारच थोडी निघाली आहेत. पाच-सात दिवस घ्यायच्या औषधात कंपन्यांना फायदा कमी दिसतो.

सेप्सिसचं चित्र जास्त काळजीचं आहे. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास झाला. सेप्सिस घडवणाऱ्या जीवाणूंत सगळ्यांत जास्त आढळलेला होता अ‍ॅसिनेटोबॅक्टर, आणि त्यातले ८२ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते. हे रुग्णालयातले जीवाणू आहेत, खेड्यातल्या घरातले नव्हेत. पण आता चामोर्शीतही बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि व्हायलाच हवीत. त्यांनी कितीतरी आया वाचल्या आहेत. बाळ मात्र आता जन्मताच घरातल्या नव्हे, दवाखान्यातल्या जंतूंना भेटतं. म्हणून दवाखान्यातलं पाणी, नर्सचे धुतलेले हात, प्रसूतीच्या टेबलाची स्वच्छता, हे अँटिबायोटिकइतकंच महत्त्वाचं आहे. जो संसर्ग झालाच नाही त्याला औषध लागत नाही.

नियम सरकारनेही केले. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘एच-१’ परिशिष्ट आलं आणि मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यातली औषधं विकताना दुकानदाराने चिठ्ठी पाहायची आणि वहीत नोंद करायची. २०१७ साली प्रतिरोधाविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकांचे तीन गट केले: सर्वांना सहज मिळावीत अशी, जपून वापरायची, आणि राखून ठेवायची. कोट्रायमॉक्साझोल, अमॉक्सिसिलिन आणि जेंटामायसिन ही तिन्ही पहिल्या गटातली, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात असायलाच हवीत अशी.

पहिल्या गटाची धार गेली तर नुकसान सगळ्यांचं सारखं होत नाही. मुंबईतल्या माणसाला पुढच्या गटातलं औषध मिळतं. त्याला पैसे मोजावे लागतात, कर्ज काढावं लागतं, पण ते त्याच शहरात असतं. घोटच्या पलीकडच्या जंगलातल्या पाड्यावरच्या बाळासाठी पुढचं औषध म्हणजे नागपूर. धारावीतल्या ऐंशी चिठ्ठ्यांनी, पोल्ट्रीच्या खाद्याने, सर्दीला दिलेल्या कोर्सने जी धार खर्च होते ती सगळ्यांच्या मालकीची असते. तिचा हिशेब पहिल्यांदा चुकवावा लागतो तो ज्याने ते औषध कधी पुरेसं वापरलंच नाही त्याला.

गडचिरोली जिल्ह्याला सामायिक मालकीचा अर्थ नव्याने शिकवावा लागत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली आपल्या जंगलातल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जंगलाला कुंपण घालून लोकांना बाहेर काढलं, तर जंगलही राहत नाही आणि लोकही जगत नाहीत. कोणीही कितीही तोडावं असं केलं तरी तेच होतं. मेंढ्याने किती तोडायचं, कधी तोडायचं, हे एकत्र बसून ठरवलं. अँटिबायोटिकच्या बाबतीतही ‘चिठ्ठीशिवाय मिळणार नाही’ एवढाच नियम केला, तर जिथे चिठ्ठी लिहिणारा डॉक्टरच नाही तिथलं बाळ मरतं. सगळ्यांच्या हाती मोकळं सोडलं, तर औषधच मरतं. दोन्हींच्या मधला रस्ता गडचिरोलीच्या गावांनी चालून दाखवला आहे. औषध शेवटच्या घरापर्यंत पोचवायचं, त्याच्याबरोबर मोजण्याचं साधन पोचवायचं, आणि मोजणाऱ्या बाईकडे परत परत जाऊन विचारायचं की काय झालं.

त्या मिनिटभराच्या वाळूत सगळ्यांत अवघड क्षण कोणता असेल? मला वाटतं, लाल मणी न सरकण्याचा. आई घाबरलेली आहे, सासू मागे उभी आहे, पिशवीत औषध आहे. चार थेंब देऊन टाकले तर सगळ्यांना बरं वाटेल, दाईचा मानही वाढेल. आणि तिने म्हणायचं असतं, याला औषधाची गरज नाही, दूध पाजत राहा, ऊब दे, मी संध्याकाळी पुन्हा येऊन मोजते.

आणि संध्याकाळी ती खरोखर परत यायची. औषध न देता आईचा विश्वास टिकवायचा तर एवढं करावंच लागतं.